नाशिकहून स्कीइंगला जायचंय, पण बर्फावर कधी पायच ठेवला नाही. सुरुवात कुठून करू?

पंचवटीकर७: नमस्कार मंडळी. मी, बायको आणि आठवीतला मुलगा, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत स्कीइंगला जायचं डोक्यात आहे. ट्रेकची सवय आहे, हरिहर, कळसूबाई वगैरे झालंय, पण बर्फ फक्त फ्रीजमधला पाहिलाय. उत्तराखंडातलं औली, मनालीजवळचं सोलंग, काश्मीरचं गुलमर्ग यातलं नक्की काय निवडावं? आणि नाशकात राहून आधी काही सराव होतो का? कुर्ल्याच्या मॉलमध्ये बर्फ आहे म्हणे, तिथे शिकता येतं का? निफाडचा पारा उतरला की ऑफिसमधले चेष्टा करतात, जा तिथेच घसरून ये म्हणून, त्यामुळे तो सल्ला कृपया नको 😄

बर्फाळ_नाशिककर: आधी एक ठरवा, स्की पायात घालून फोटो काढायचाय का खरंच शिकायचंय. फोटोच हवा असेल तर सोलंग बेस्ट, मनालीहून जाताना रस्त्याच्या कडेला नंबर घातलेल्या दुकानांतून कोट-बूट भाड्याने मिळतात, वर एक जण तुमचा हात धरून पंधरा-वीस मिनिटं इकडून तिकडे नेतो, झालं. शिकायचं असेल तर कोर्सच करा. औलीला सरकारी गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात, मनालीला अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे असतात, गुलमर्गलाही केंद्र सरकारची स्कीइंग आणि पर्वतारोहणाची संस्था आहे. वयाची अट, तारखा, फी सगळं फोन करून विचारा, मुलगा आठवीत आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. कोर्सला सुट्टी पुरत नसेल तर गुलमर्गला खाजगी शिक्षक घ्या आणि सलग तीन-चार दिवस तोच माणूस ठेवा, रोज नवा घेतला की रोज पहिल्या धड्यापासून सुरू होतं.

औलीबद्दल अजून एक, ऋषिकेशहून जोशीमठ म्हणजे गाडीत अख्खा दिवस. आणि २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद केला होता, सध्या काय स्थिती आहे ते बघूनच बुकिंग करा.

गंगापूररोडवाली: माझं मत सरळ गुलमर्ग. नवशिक्यांचे उतार खालीच आहेत, त्यासाठी गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, तिकीट काढायची गरजच नाही, लोक उगाच पहिल्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याला धावतात. तो अफरवट डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटरवर सोडतो, आपलं कळसूबाई १६४६, हिशोब करा! वर डोकं दुखतं ते वेगळंच, शिवाय तिथून मार्क केलेल्या वाटेबाहेर गेलं की हिमस्खलनाचा धोका, २०२३ च्या फेब्रुवारीत दोन परदेशी स्कीअर तिथेच गेले. आणि तारखा जरा सैल ठेवा. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरातल्या सगळ्यात कडक थंडीचा काळ, २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी, पण २०२४ चा जानेवारी बराचसा कोरडाच गेला, आणि २०२५ ला बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलल्या. म्हणून मी तरी फेब्रुवारीचा मधला भाग धरेन.

सह्याद्री_घसरगुंडी: सरावाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ट्रेकवाल्यांचा दम चांगला असतो पण एक सवय नडते. आपण घसाऱ्यावरून उतरताना भीती वाटली की मागे झुकतो, टाचा रोवतो, वेळ आली तर बूड टेकतो. स्कीवर नेमकं उलटं, मागे झुकलात की पुढची टोकं हलकी होतात आणि ताबा जातो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवायची, गुडघे वाकलेले, नजर लांब. हे डोक्याला पटतं, शरीराला पटायला वेळ लागतो.

घरी काय करता येईल तर भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, आणि पांडवलेणीच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरायच्या, सावकाश, गुडघे वाकवून, मांड्या कशा बोलतात ते बघा. मुलाला इनलाइन स्केटिंग येत असेल तर एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकणं त्याला लगेच जमेल, थांबणं मात्र वेगळं आहे, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून आतल्या कडा बर्फात दाबायच्या, याला स्नोप्लाऊ म्हणतात. आधी थांबायला शिका, वळणं नंतर.

कुर्ल्याचं म्हणाल तर तो बर्फात खेळायचा हॉल आहे, स्कीइंग शिकण्याइतका उतारच नाही. खरा बंदिस्त उतार हवा तर दुबईच्या मॉलमधला, २००५ पासून आहे, सगळ्यात लांब रन ४०० मीटरचा. पण त्या खर्चात माणूस काश्मीरला जाऊन येईल.

पंचवटीकर७: वा, मस्त माहिती, धन्यवाद सगळ्यांना. गुलमर्गच फायनल करतोय बहुतेक. कपडे काय घ्यावेत? ट्रेकचे बूट चालतील का? आणि जायचं कसं, विमान तिघांचं जरा जड जातंय.

गंगापूररोडवाली: ट्रेकचे बूट फक्त हॉटेल ते दुकान. स्की, बूट, पोल सगळं तिथेच भाड्याने. बुटात एकच पातळ लोकरी मोजा, दोन घातले तर पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो. जीन्स आणि कॉटनचे बनियन घरी ठेवा, ओले झाले की संपलं. वॉटरप्रूफ ग्लोव्हज आणि गॉगल यात कंजुषी नको, सनस्क्रीन पण, बर्फावरून ऊन परत तोंडावर येतं. हेल्मेट मागून घ्या, विशेषतः मुलाला. आणि दुकानदार वजन विचारेल ते खरं सांगा 😄 पडल्यावर बूट स्कीतून सुटायचा कधी हे बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यावर, वजन-उंची बघून सेट करतात, जास्त घट्ट झालं तर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.

बर्फाळ_नाशिककर: रेल्वेने जायचं तर मनमाडहून झेलम एक्सप्रेस जम्मूला जाते. पुढे हिवाळ्यात जम्मू-श्रीनगर रस्ता कधीही बंद पडतो, पण २०२५ च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, तीच धरा. परतीला एक दिवस मोकळा ठेवा. गुलमर्गच्या अलीकडे तंगमर्ग गाव लागतं, त्याच्या पुढे बर्फ जास्त असला की साध्या टॅक्सीला सोडत नाहीत, साखळ्या लावलेली गाडी करावी लागते, त्याचे पैसे वेगळे.

पंचवटीकर७: बायकोने आत्ताच विचारलं, ती स्की करणार नाही, तिने दिवसभर काय करायचं?

गंगापूररोडवाली: पहिल्या टप्प्यापर्यंत गोंडोला, खाली आल्यावर कहवा, आणि तुम्ही दोघं पडताना व्हिडिओ. पण मी म्हणते एक दिवस तरी स्की घालून बघायला सांगा, माझी आई साठीनंतर उभी राहिली होती त्यावर.