तुम्ही पहिल्यांदा रॅप कुठं ऐकलं? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

गेल्या जानेवारीत लेकीला घेऊन गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेला गेलो होतो. होम मैदानावर मौत का कुआँपाशी ही गर्दी, वर फळ्यांवरून गाड्यांचा आवाज आणि खाली तिकिटाच्या रांगेत चार पोरं हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्ज' तोंडपाठ म्हणत होती, अख्खं इंग्रजी, एक शब्द गाळला नाही. केरळचा रॅपर, २०२४ चं गाणं, व्हिडिओ असल्याच कुव्यात शूट केलेला, म्हणून त्यांना तिथं आठवलं असणार. त्यातला एक घरी फोनवर तेलुगूत बोलला, दुसरा मित्राला दखनीत हाका मारत होता, आणि गाणं मात्र चौघांचं एकच. तेव्हाच डोक्यात आलं की आपल्या गावात इतक्या वेगवेगळ्या घरांतली माणसं हे ऐकतात, तर प्रत्येकाकडं ते आलं कुठून हे विचारावं. वर आपला भाग टाका आणि खाली कुठं ऐकलं, कुणी ऐकवलं, काय भावलं, सगळं लिहा. लांब झालं तरी चालेल.

माझ्यापासून सुरू करतो. आमचं घर कन्ना चौकाच्या मागं, घरात तेलुगू, शाळेत मराठी. १९९४ ला प्रभुदेवाचा 'काधलन' तेलुगूत 'प्रेमिकुडू' म्हणून आला, त्याची कॅसेट मामानं आणली. रहमानचं संगीत. त्यातलं रॅपचं गाणं लागलं की मी जेवण सोडून उठायचो. रॅप हा शब्दपण माहीत नव्हता तेव्हा, एवढंच कळायचं की हा माणूस गात नाहीये, बाजारात भाव करावा तसा भराभरा बोलतोय आणि तरी ठेका सुटत नाही. अम्मा आतून ओरडायची, "एंदिरा ई गोला!" म्हणजे हा काय गोंधळ रे. मग कॉलेजात एमिनेमचा '८ माइल' बघितला. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं, पण तो पोरगा कारखान्यात कामाला जातो आणि बसमध्ये बसून कागदावर ओळी लिहितो, ते कुणी समजवायची गरज पडली नाही.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी

मी यंत्रमागावर आहे, दहावीनंतर लगेच लागलो, टॉवेल काढतो. आत कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, खुणेनं बोलायचं नाहीतर कानाला तोंड लावून. धोटा इकडून तिकडं, खट खट खट, बारा तास. आमच्यात एक जण रात्रपाळीला सारखा तोंड हलवायचा, मला वाटायचं पगाराचा हिशोब लावतोय. एकदा लाईट गेली, सगळे माग एकदम थांबले आणि ह्याचं चालूच! हिंदीत रॅप करत होता बे, मागाच्या ठेक्यावर. अंधारात लाईट येईपर्यंत आम्ही त्याला थांबू दिलं नाही. त्यानंच नंतर मुंबईचा रॅपर डिव्हाइन ऐकवला, 'मेरे गली में' ऐकवलं.

मग मी स्वतः वाचत गेलो. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, सेजविक अव्हेन्यू, १५२० नंबरची बिल्डिंग. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवीन कपडे घ्यायचे होते, पैसे जमवायला तिनं खालच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, तिकीट लावून. हर्कनं हेरलेलं की गाण्यात मधे जो नुसता ड्रमचा तुकडा येतो त्यावर लोक जास्त नाचतात. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायच्या, इकडचा तुकडा संपला की तिकडचा, तो संपेपर्यंत इकडची मागं फिरवून तयार. तोच तुकडा परत, परत, परत. मी हे वाचून मित्राला फोन केला, म्हटलं हे तर आपलं जेकार्ड आहे. पंच केलेली कार्डं फिरून फिरून तीच येतात आणि चादरीवर तेच फूल परत येतं. हर्कचं घर जमैकातून तिथं गेलेलं, आमचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला इथं आलेले. गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या आजोबांचे पैसे अडकले ते अडकलेच. ब्राँक्समध्ये पण त्या काळात कामं गेलेली, घरं जळालेली. गाणी अशा ठिकाणी का निघाली असतील ते मला पुस्तकाशिवाय कळतं.

जोडबसवण्णा चौक

वरच्या दोस्ताला, चादरीचं अजून एक सांगतो. आम्ही घरीच रेकॉर्ड करतो, वर पत्रा, खोली रिकामी, त्यामुळं आवाज नुसता घुमायचा. स्टुडिओचं भाडं परवडत नाही. मग दोरी बांधून तिन्ही बाजूंनी सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगल्या, माईकच्या मागं एक जाड सतरंजी. घुमणं गेलं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, मे महिन्यात त्यात एक कडवं म्हणून बाहेर आलं की अंघोळ केल्यासारखा माणूस निघतो. पण आवाज काय स्वच्छ येतो! नवीन पोरांनी फोमवर पैसे घालू नका, घरातल्या चादरी काढा.

विजापूर वेस

मी नेझीपासून सुरू झालो. 'आफत', २०१४. कुर्ल्याचा पोरगा, आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि आयपॅडवरच व्हिडिओ काढला. त्याआधी इंग्रजी रॅप ऐकलेलं, आवडायचं, पण लांबचं वाटायचं. हा आमच्यासारखा बोलत होता, गल्लीत जसं बोलतात तसं, काही साफसूफ न करता.

आता खरी गोष्ट दादांची. आमचे दादा म्हणजे वडिलांचे वडील, जुने शायरीवाले, मुशायरा कुठंही असो, जाणार. मी माझं लिहिलेलं त्यांना घाबरत घाबरत ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "काफिया तो अच्छा बाँधा, रदीफ किधर है?" काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द. मी म्हटलं दादा, इसमें रदीफ जरूरी नहीं, पण काफिया ओळीच्या शेवटीच नाही तर मधे मधे पण लावतात, दोन-दोन तीन-तीन अक्षरांचा. त्यांना खरं वाटेना. मग वही घेऊन बसलो, मी एकेक ओळ म्हणायची आणि त्यांनी जुळणाऱ्या आवाजाखाली लाल पेनानं रेघ मारायची. एका कडव्यात अकरा रेघा झाल्या. तेव्हापासून ते माझ्या प्रत्येक गाण्याचे पहिले श्रोते आहेत, आणि उच्चार चुकला की पुढं जाऊ देत नाहीत. 'ख' आणि नुक्तेवाला 'ख़' मी वयाच्या एकविसाव्या वर्षी रॅपमुळं नीट शिकलो. रॅपची बॅटल दाखवली, दोघं समोरासमोर एकमेकांवर रॅप करतात ती, तर म्हणाले हा तर कव्वालीचा मुकाबला आहे, फक्त टाळ्या कमी.

जुळे सोलापूर, सध्या पुणे

मुलींपैकी कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहिते. मला रॅप आवडतं हे सांगितलं की पहिला प्रश्न, त्या शिव्या कशा ऐकतेस गं? प्रश्न खोटा नाही. बाईला वस्तू करून टाकणारी गाणी भरपूर आहेत, बीट कितीही भारी असू दे, मी ती बंद करते. ह्या बाबतीत मला "कलाकाराचं स्वातंत्र्य" वगैरे ऐकायचं नाही.

पण मी जिच्यामुळं आत आले ती अमेरिकेची लॉरिन हिल. नोकरीला लागले तेव्हा सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायचे, रूममेटनं मोबाईलमध्ये भरून दिलेला तिचा १९९८ चा अल्बम कुर्डुवाडी ते दौंड ऐकायचे. एकच बाई गाते पण आणि रॅप पण करते, आणि पोटात बाळ असताना लोक तिला काय काय सांगत होते ते गाण्यात सांगते. १९९९ ला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम तोच ठरला, हिपहॉपला तो मान पहिल्यांदा मिळाला आणि तो एका बाईनं आणला. माझ्या बहिणीला नोकरी का बाळ असं विचारत होते घरचे त्या दिवसांत. मी तिला ते गाणं पाठवलं, इंग्रजी समजेल का नाही म्हणून खाली मराठीत अर्थ लिहून. तिचा रिप्लाय रात्री दोनला आला, "अजून आहेत का अशी?"

बाळीवेस

मी निवृत्त शिक्षक, वय ६८, घरात कन्नड. नातू ऐकायचा तेव्हा मी दार लावून घ्यायला सांगत असे. एकदा विचारलं, अरे हे लोक गाण्यात सारखं स्वतःचंच नाव का घेतात, किती हा अहंकार! तो म्हणाला, आज्जा, तुमच्या वचनात शेवटी नाव येतं की. वचन म्हणजे शरणांची कन्नड कविता. मी गप्पच झालो. सिद्धरामेश्वरांच्या वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' येतं, ते त्यांच्या दैवताचं नाव, पण तीच त्यांची ओळख, अंकित म्हणतात त्याला. 'तुका म्हणे' तर सगळ्यांना पाठ आहे. तोंडी पसरणाऱ्या कवितेत हे कुणाचं आहे ते आतच गुंफून ठेवावं लागतं, नाहीतर दुसरा घेऊन जातो. देवाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव, हा फरक मला अजूनही मोठा वाटतो, आणि ते मी नातवाला सांगितलंही. पण दार लावायला सांगत नाही आता. आपल्याच गावच्या राम जोशींची लावणी त्याला म्हणून दाखवली, ते शब्दांचे झोके ऐकून म्हणाला, आज्जा, हा तर फ्लो आहे, ठेक्यावर शब्द सोडायची रॅपवाल्यांची ढब.

मिलिंद नगर

आमच्याकडं हे नवीन नव्हतंच. जयंतीच्या मिरवणुकीत, वस्तीतल्या कार्यक्रमात वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत मोठे झालो, माईक हातात आला की आपल्यावर काय झालं ते नाव घेऊन सांगायचं, हे लहानपणापासून बघितलं. त्यामुळं पब्लिक एनिमी हा अमेरिकेचा रॅप ग्रुप पहिल्यांदा ऐकला तेव्हा इंग्रजी समजायच्या आधी सूर समजला. २०१८ ला अमेरिकन रॅपर केंड्रिक लामारच्या 'डॅम' अल्बमला संगीताचं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर पहिल्यांदाच, त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, कुणाला कारण कळलं नाही, मी समजावून सांगितलं. तमिळमध्ये अरिवू ऐका, ओडिशाचा सुमित सामोस ऐका. आणि मराठीत अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, तो आपलं नाव १०० आणि पुढं आरबीएच असं लिहितो, शंभर म्हणजे सौ, मग वाचा सौरभ. वऱ्हाडी लहेजा तसाच ठेवतो, पुण्याचा करत नाही. मला त्यातलं तेच सगळ्यात जास्त आवडतं. सोलापुरी बोलीत कुणी असं 'बे' लावून ठणकावून करेल तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन.

पार्क चौक

मी नाचणारा, बोलणारा नाही. रॅप म्हणजेच हिपहॉप असं सगळे धरून चाललेत, डीजे, ब्रेकिंग म्हणजे ब्रेकडान्स, भिंतीवरची ग्राफिटी हे पण त्यातलंच आहे. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग होतं, जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड जिंकले, आम्ही सहा जण एका मोबाईलवर बघत होतो. गणपतीत मी मंडळाच्या लेझीममध्ये असतो, महिनाभर रोज रात्री सराव. हलगी कडाडली की पाय जो आपोआप उचलतो, तोच पाय ब्रेकवर, त्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर उचलतो. बाकी मला सांगता येत नाही, करून दाखवता येतं.

विडी घरकुल

सगळ्यांचं वाचून लिहितोय. माझी अम्मा विड्या वळते, हजाराच्या हिशोबानं मजुरी. मी तिच्यावर एक कडवं लिहिलं, आधी हिंदीत, मग तेलुगूत आणि थोडं मराठीत, आम्ही जसं बोलतो तसं मिसळून. ती सूप मांडीवर घेऊन बसलेली, हात चालू, मी समोर उभं राहून म्हटलं. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, पान आधी भिजवतात मग कापतात, तू आधी कापलंस. मी बदललं. दुसऱ्या दिवशी परत म्हटलं. मग म्हणाली, हजार वळल्या म्हणतोस, आणि मोजताना खराब म्हणून काढून टाकतात, ज्याचे पैसे देत नाहीत, त्या कुठं गेल्या तुझ्या गाण्यात?

त्या आता चौथ्या ओळीत आहेत. तिला पाठ झालंय, वळताना तेवढी ओळ मोठ्यानं म्हणते.