घरच्या घरी सायकल दुरुस्तीसाठी परवडणारा स्टँड कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सायकलची बरीचशी कामं आता मी घरीच करतो. पंक्चर काढणं, ब्रेक पॅड बदलणं, चेन धुऊन ऑइल करणं, गिअर लावणं, मडगार्ड-कॅरियर आवळणं, एवढ्यावर हात बसला आहे. हत्यारंही हळूहळू जमली आहेत. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी: काम करताना सायकल धरायची कशी? कधी भिंतीला टेकवून, कधी उलटी करून वेळ मारून नेतो, पण निम्मी ताकद सायकल सांभाळण्यातच जाते. म्हणून आता दुरुस्तीचा स्टँड घ्यायचं नक्की केलं आहे. पैसे बेताचेच खर्च करायचे आहेत, पण स्वस्तात घेतलेली वस्तू लगेच खिळखिळी व्हायला नको.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो मागचा गिअर लावताना. एका हाताने पॅडल फिरवायचं, दुसऱ्याने शिफ्टर दाबायचा, चेन कुठल्या स्प्रॉकेटवर टिकटिक करतेय ते कान देऊन ऐकायचं आणि केबलचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवून पुन्हा तपासायचं. हे सगळं मागचं चाक अधांतरी असेल तरच शक्य आहे. सीटला धरून चाक उचललं की एक हात गेला. मग घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि प्रत्येक वेळी ते बरं दिसत नाही.

सायकल उलटी केली तर हँडलवरचे शिफ्टर आणि सीट जमिनीला घासतात, शिफ्टरचे आकडे दिसत नाहीत, डावं-उजवं मनात उलटं करून घ्यावं लागतं. शिवाय माझ्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. सरळ केल्यावर कधीकधी लिव्हर मऊ लागतो, तो का ते कळत नाही.

घरात तीन सायकली आहेत आणि तिन्ही तीन तऱ्हेच्या. माझी हायब्रिड साधारण 13 किलोची, सीट पोस्ट (सीटखालची दांडी) 27.2 मिमीची (पोस्टवरच आकडा कोरलेला आहे). मुलीची 20 इंची चाकांची, गिअर नसलेली. आणि वडिलांची जुनी काळी सायकल: रॉडचे ब्रेक, पूर्ण झाकलेला चेनकव्हर, भक्कम कॅरियर. ती 20 किलोच्या घरात असावी. तिला मागे तिचा स्वतःचा लोखंडी स्टँड आहे आणि त्यावर चढवली की मागचं चाक आपोआप उचललं जातं, त्यामुळे तिची निम्मी कामं आजही सुखात होतात. खरं तर ती सोय पाहूनच स्टँडचं महत्त्व पटलं.

घर भाड्याचं आहे, भिंतीत किंवा छतात भोक पाडता येणार नाही. म्हणजे भिंतीवर बसवायचा स्टँड बाद. काम झालं की घडी घालून दाराआड उभा करता आला पाहिजे. पाठीचं थोडं दुखणं आहे, तेव्हा खाली बसून तास-तास काम करणं आता टाळायचं आहे.

शोधाशोध केल्यावर तीन प्रकार डोळ्यांसमोर आहेत. एक, मागचं चाक नुसतं उचलून धरणारा छोटा स्टँड. तो सगळ्यात स्वस्त. दुसरा, खांबाला जबडा असलेला घडीचा स्टँड, ज्यात सीट पोस्ट पकडून अख्खी सायकल वर टांगतात. तिसरा, पुढचं चाक काढून फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि खालचा बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस जिथे फिरतो तो भाग) टेकवायचा, शर्यतीतले मेकॅनिक वापरतात तसा. यातला कुठला घ्यावा? जबड्याचा घेतला तर स्वस्तातला टिकेल का, आणि घेताना नेमकं काय तपासून घ्यावं? वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पहिला प्रतिसाद

तुमच्या गरजा वाचून मी सरळ सांगेन की जबड्याचाच घ्या. कारण पाठ. छोट्या स्टँडवर सायकल जमिनीलगतच राहते, म्हणजे तुम्ही पुन्हा खालीच बसणार.

तरी छोट्या स्टँडला कमी लेखू नका. चेन धुणं, ऑइल, गिअर लावणं, मागचा रिम ब्रेक बघणं, एवढ्यापुरता तो चोख आहे. पण त्याच्यावर मागचं चाक काढता येत नाही, कारण सायकलचा भार त्याच आसावर किंवा आसाजवळच्या नळ्यांवर असतो. शिवाय त्यात दोन पोटप्रकार आहेत. आसाच्या दोन्ही टोकांना चिमटीत धरणारे बहुतेक क्विक रिलीजसाठी (हाताने खटका उघडून चाक सोडवायची सोय) बनवलेले असतात. नट कसलेल्या किंवा थ्रू अ‍ॅक्सलच्या (चाकातून आरपार घालायचा जाड आस) सायकलला ते बरेचदा बसत नाहीत. दुसरे, हुकांनी मागच्या दोन नळ्यांना धरणारे. त्यांना आसाचं वावडं नाही, पण डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅडने डिस्क दाबणारा भाग) नेमका त्याच बेचक्यात असेल तर हुकाला जागा उरत नाही. तुमच्या हायब्रिडला हे आधी लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

शर्यतवाला प्रकार सुंदर आहे, सायकल दगडासारखी घट्ट बसते. पण प्रत्येक वेळी पुढचं चाक काढा, फोर्कप्रमाणे 12 किंवा 15 मिमीचा अ‍ॅडॅप्टर लावा, आणि बॉटम ब्रॅकेटखालून गिअरच्या केबल जात असतील तर त्या दबणार नाहीत हे बघा. तीन तऱ्हेच्या सायकलींसाठी ही कटकट नको. तो एकाच प्रकारच्या सायकली हाताळणाऱ्यांसाठी.

आता जबड्याचा स्टँड. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं ते वजन: 25 किलो पेलतो, 30 किलो पेलतो. मी तो आकडा शेवटी बघतो. खांब सहसा मोडत नाही, आधी दगा देतो तो जबड्यामागचा सांधा. सीट पोस्ट धरली की सायकलचं बहुतेक वजन पकडीच्या पुढे लोंबतं, त्यामुळे तो सांधा सतत पिरगळला जात असतो. नुसत्या घर्षणावर धरणारा सांधा असेल तर तुम्ही गिअर लावत असताना पुढचं चाक हळूहळू खाली झुकायला लागतं. तुम्ही सांध्याची फिरकी आणखी आवळता, मग प्लास्टिकचे आटे झिजतात आणि खेळ संपतो. म्हणून सांध्याला आत धातूचे दाते आहेत का ते बघा. दात्यांचा सांधा खाचेत अडकतो, त्याला घसरायला वाव नसतो. जबड्याचं शरीर धातूचं असेल तर उत्तम. निदान ताण घेणारा भाग तरी धातूचा हवाच.

दुसरं म्हणजे पाय. उभ्या खांबाला तळाशी चार आखूड पाय, अशी रचना दिसायला आटोपशीर असते, पण सायकल खांबाच्या एका बाजूला लटकते हे विसरू नका. तिचा भार पायांच्या घेराच्या आत पडला पाहिजे. तिरका खांब आणि सायकलीखाली पसरणारे दोन लांब पाय, ही रचना मला जास्त भरवशाची वाटते. उघडल्यावर जागा जास्त खाते, तेवढं सोसा.

दुसरा प्रतिसाद

ब्रेकच्या लिव्हरबद्दल: हायड्रॉलिकमध्ये लिव्हरजवळ तेलाची एक छोटी टाकी असते. तिच्यात थोडी हवा असली तर सायकल सरळ असताना ती वरच राहते, त्रास देत नाही. उलटी केली की तीच हवा नळीत शिरू शकते, म्हणून लिव्हर मऊ. सायकल सरळ करून थोडा वेळ ठेवा आणि लिव्हर काही वेळा दाबा, बहुतेक वेळा कडकपणा परत येतो. नाही आला तर ब्लीडिंग करावं लागेल, म्हणजे नळीतली हवा काढावी लागेल, आणि तोपर्यंत ती सायकल रस्त्यावर नेऊ नका. स्टँड घेतलात की हा प्रश्नच उरत नाही. मात्र स्टँडवर चाक काढल्यावर लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घालून ठेवा.

तिसरा प्रतिसाद

विकतचाच हवा असं काही नाही. पार्क टूल या प्रसिद्ध कंपनीची सुरुवातच मुळी घरगुती स्टँडने झाली. अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये सायकलचं दुकान चालवणाऱ्या हॉवर्ड हॉकिन्स आणि आर्ट एंगस्ट्रॉम यांना वाकून, गुडघे टेकून काम करणं नकोसं झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच स्टँड घडवला. 1963 साली त्यातून कंपनी उभी राहिली. तेव्हा ज्याच्याकडे थोडी हत्यारं आहेत त्याने लोखंडी पाइप, सुताराचा पाइप क्लॅम्प आणि पोस्टच्या मापाची खाच पाडलेले दोन लाकडी ठोकळे घेऊन प्रयत्न करायला हरकत नाही. ठोकळ्यांना आतून रबर चिकटवायचं. फक्त तळ रुंद आणि जड हवा. वर छतातून दोऱ्यांनी टांगण्याचा उपायही लोक करतात, पण टांगलेली सायकल पान्हा लावला की डोलते. चेन पुसायला ठीक, बोल्ट आवळायला नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पाइपचा स्टँड करून बघायची फार इच्छा आहे, पण घडी होणार नाही आणि जागेचा प्रश्न तसाच राहील. म्हणजे दोन लांब पायांचा, दातेरी सांध्याचा जबड्यावाला, इथवर मन तयार झालं आहे. आता दोन शंका. वडिलांच्या सायकलची सीट खाली असते, पोस्ट जेमतेम चार बोटं बाहेर दिसते. ती कुठे पकडायची? आणि तिचा बॉटम ब्रॅकेट उघडून ग्रीस भरायचं आहे, ते काम या स्टँडवर झेपेल का?

चौथा प्रतिसाद

आधी दुसऱ्या शंकेचं उत्तर: स्टँडवर करू नका. बॉटम ब्रॅकेटचे कप (बेअरिंग धरणाऱ्या आट्यांच्या वाट्या), क्रँकचे (पॅडलच्या दांड्यांचे) बोल्ट, पॅडल ही सगळी जोर लावायची कामं आहेत. आजकालच्या बॉटम ब्रॅकेटच्या कपांना 35 ते 50 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) लागतो, आणि वर्षानुवर्षं न उघडलेला, गंजलेला कप सुटताना त्याहून कितीतरी जास्त मागतो. तो सगळा पीळ जबड्यावर आणि पकडलेल्या नळीवर येतो. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या 5-6 न्यूटन-मीटरच्या बोल्टला असला प्रश्न नाही. म्हणून जोराचं काम सायकल चाकांवर, जमिनीवर उभी असतानाच करा. कुणाला तरी हँडल धरायला सांगा, आटे पहिल्यांदा ढिले करा, आणि मग स्टँडवर चढवून पुढची उस्तवार निवांत करा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे तुम्हाला माहीत असेलच. बऱ्याच सायकलींमध्ये बॉटम ब्रॅकेटचा उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्याआधी दिशा तपासा, नाहीतर सोडवण्याऐवजी आणखी आवळून बसाल.

आता पकडायचं कुठे. पहिली पसंती नेहमी सीट पोस्टला. सीट उंच करायला लागली तर करा, आधी पोस्टवर टेपने खूण करून ठेवा म्हणजे वडिलांना त्यांची उंची परत मिळेल. पोस्टवरची कमाल मर्यादेची रेघ मात्र फ्रेमच्या बाहेर येऊ देऊ नका. जुनी पोस्ट गंजून बसली असेल तर ओढाताण न करता वरच्या आडव्या दांड्याला पकडा. त्या काळ्या सायकलींचा दांडा गोल आणि जाड पोलादी असतो, सुती कापड गुंडाळून बेताने आवळला तर त्याला काही होत नाही. हाच प्रकार तुमच्या हायब्रिडवर करू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मधल्या भागात पातळ असतात, जबड्याने चेपतात. कार्बनच्या फ्रेमला तर जबडा लावायचाच नाही.

जड सायकल चढवताना आणखी एक गोष्ट जाणवेल. एका हाताने 20 किलो तोलून दुसऱ्या हाताने फिरकी गोल-गोल फिरवत बसणं कठीण जातं. एका झटक्यात बंद होणारी खटका-पकड असेल तर हे काम फार सोपं होतं, आणि माझ्या मते थोडे जास्त पैसे मोजायचे तर ते यासाठी मोजावेत. हत्यारांचा ट्रे, फिरणारं डोकं, सोबतची पिशवी यांच्यासाठी नाही. फिरकीवालाच परवडत असेल तर जबडा आधीच पोस्टच्या मापाला आणून ठेवा, म्हणजे सायकल आत सरकवल्यावर दोन फेऱ्यांत काम होतं. जबडा साधारण 25 ते 40 मिमी उघडत असेल तर तुमच्या हायब्रिडची पोस्ट आरामात बसेल. मुलीच्या आणि वडिलांच्या सायकलची पोस्ट आणि तो आडवा दांडा मात्र आधी मोजून घ्या. तिथे माप 25 च्या खाली असू शकतं, मग रबराची पट्टी गुंडाळावी लागेल.

सायकल चढवली की पुढचं चाक हँडलसकट गरकन वळतं आणि फ्रेमवर आपटतं. जुन्या ट्यूबची पट्टी कापून चाक खालच्या तिरक्या नळीला बांधून टाका.

स्टँड घरी आला की लगेच जड सायकल चढवू नका. आधी सगळे नट-बोल्ट आवळा, मुलीची सायकल लावून पॅडल जोरात फिरवा आणि सांध्याकडे बघा. अर्ध्या तासाने पुढचं चाक होतं तिथेच आहे ना, हे जमिनीपासूनचं अंतर मोजून बघा. मग हायब्रिड, आणि सगळ्यात शेवटी काळी सायकल, तीही कॅरियरवरचं सामान उतरवून. चाक खाली सरकलेलं दिसलं तर परत देण्याची मुदत आहे तोवरच स्टँड परत करा, वापरत राहू नका.