चर्चइन्फोतून डेटा हलवताना तारखा जपा

चर्चइन्फो आणि चर्चसीआरएम ही चर्चच्या सभासदांच्या नोंदी ठेवायची सॉफ्टवेअरं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना काहीजण सुचवतात की चर्चइन्फोतली सभासदांची यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर फाइलीत) काढून चर्चसीआरएममध्ये भरावी. नावं-पत्ते जातील हो, पण कोण कुठल्या कुटुंबातलं हा दुवा तुटायची भीती आहे. चर्चसीआरएम निघालंय चर्चइन्फोवरूनच आणि दोन्ही मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीवर चालतात, तेव्हा आधी अख्ख्या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत एका फाइलीत) घ्या आणि प्रतीवरच प्रयोग करा.

सीएसव्हीच करायची असेल तर अक्षरं बिघडू नयेत म्हणून तिचं एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह मात्र करू नका! जन्मतारखेत साल नुसतं '२८' असेल तर ते २०२८ होतं, आणि १९०० आधीचे बाप्तिस्मे एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही. आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी लोक नेमक्या त्याच नोंदी मागतात. त्या मूळ नोंदवहीशी ताडूनच भरा.