जिन्यातला बल्ब परत गेला

ए-१०२: तिसऱ्या मजल्याचा जिन्यातला बल्ब परत उडालाय. आत्ताच तर नवीन लावला होता, बॉक्सवर २५,००० तास छापलंय, कसले २५,००० आणि कसलं काय

बी-३०१: हल्ली मालच तकलादू येतो. जुने पिवळे बल्ब बरे होते

सी-४०४: काका, पिवळे बल्ब १,००० तासांत जायचे, आणि १९२४ मध्ये कंपन्यांनी एकत्र बसून तेवढंच आयुष्य ठरवून घेतलं होतं, फीबस कार्टेल शोधून बघा 😄

बी-३०१: बरं बाबा. मग हा का जातो ते सांग

सी-४०४: वरचा बंद डोम. बल्बमधल्या त्या पिवळ्या टिकल्या म्हणजे खरे एलईडी, त्या सहजासहजी जात नाहीत, पण मानेत एक छोटं सर्किट असतं, ड्रायव्हर, त्यातला कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकत जातो आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. एलईडी गार असतो असं आपण धरून चालतो, बराच वेळ चालू असलेल्या बल्बच्या मानेजवळ हात न्या म्हणजे कळेल (बंद करून मगच 🙏). मोकळ्या हवेत ती उष्णता निघून जाते, डोममध्ये तिथल्या तिथे शिजत राहते. त्यात आपण तिथे १५ वॉटचा लावलाय, जिन्याला ७ वॉट पुष्कळ झाला, वॉट जास्त तेवढी उष्णता जास्त

सी-४०४: आणि ते २५,००० तास बहुतेक वेळा प्रकाश ७० टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ असतो, ड्रायव्हर तोवर टिकेल याची हमी कोण देतंय

डी-२०१: आमचा बल्ब स्विच बंद केला तरी रात्री मंद लुकलुकतो, पोरं घाबरतात 😅 तो पण तापूनच का?

सी-४०४: नाही ताई, स्विचला छोटा इंडिकेटर दिवा आहे का? त्यातून जरासा करंट झिरपतो, त्याने होतं. पण स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडला असेल तरी असंच होतं, म्हणजे बटण बंद आणि होल्डरमध्ये करंट चालूच, बल्ब बदलताना शॉक बसेल. वायरमनकडून एकदा तपासून घ्याच

ई-५०३: सारखं चालू-बंद केलं की लवकर जातो म्हणतात, म्हणून मी बाथरूमचा लाइट चालूच ठेवते

सी-४०४: ते सीएफएलचं होतं हो. एलईडीला तेवढा फरक पडत नाही, खुशाल बंद करा. होल्डर ढिला असेल, चुरचुर आवाज येत असेल तर मात्र आधी तो बदला, नाहीतर नवीन बल्बही जाईल. आणि साध्या एलईडीला डिमर लावू नका

बी-३०१: परवा एक व्हिडिओ आला होता, बल्ब उघडून एक रेझिस्टर काढायचा की म्हणे वर्षानुवर्षं चालतो. खरं का?

सी-४०४: थापा नाहीत. त्याने करंट कमी होतो, उजेड जरा उतरतो, बल्ब कमी तापतो. फिलिप्सने दुबईसाठी २०१६ मध्ये याच तत्त्वावर बल्ब काढले, एलईडी जास्त आणि प्रत्येकाला करंट कमी, एका वॉटला २०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). पण घरी उघडत बसू नका काका, स्वस्त बल्बच्या आतल्या प्लेटला थेट मेन लाइनचा करंट असू शकतो

ए-१०२: मी उडालेला उघडून बघितला आत्ता, एका टिकलीवर काळा ठिपका आहे, बाकी सगळ्या चांगल्या दिसतायत

सी-४०४: मग इथे टिकलीच गेली, ड्रायव्हर नाही. सगळ्या एका माळेत असतात, एक गेली की अख्खा बल्ब बंद. तीही बहुतेक तापूनच गेली असणार

ए-१०२: म्हणजे डोम काढायचा आणि ७ वॉट लावायचा. किडे येतील ना पण?

सी-४०४: येऊ दे, आत मरून डोम काळा करतात त्यापेक्षा बरं. पाऊस येतो तिथले डोम तेवढे राहू द्या, तिथे आणखी कमी वॉटचा लावू

डी-२०१: शिडी वॉचमनच्या केबिनमागे आहे, एक पाय हलतो तिचा, कुणीतरी खाली धरून उभं राहा

बी-३०१: मी येतो. मेन स्विच बंद करून चढा रे