डब्यासाठी चिकन सॅलड: मेयो का फुटलं?

प्रेषक: नवा विद्यार्थी सदस्य, न्यू ब्रन्सविक

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या गणपतीत तुमच्यापैकी बऱ्याच जणांची भेट झाली. विसर्जन होऊन गेलंय, म्हणून आता चिकनचं विचारतोय.

दुपारी लॅबमधल्या एकुलत्या एक मायक्रोवेव्हसमोर रांग असते आणि मला जेवायला मिळतात २० मिनिटं. त्यामुळे गारच खाता येईल असं काहीतरी हवं होतं. इथली मुलं ब्रेडमध्ये चिकन सॅलड भरून आणतात. ते बघून रविवारी मीही केलं. चिकनला कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढल्या, गरम असतानाच तुकडे करून त्यात मेयो (मेयोनीज) घातलं. दहा मिनिटांत तेल सुटून बाजूला झालं. चिकन तर नुसता चोथा. टाकवेना म्हणून तीन दिवस तेच खाल्लं. आईला फोन केला, पण तिने हे कधी केलेलं नाही. आमच्याकडे साताऱ्याला चिकन म्हणजे रस्सा.

कुणी नीट सांगाल का? माझ्याकडे एक पातेलं, एक कुकर आणि एक सुरी आहे.

---

प्रेषक: काकू, एडिसन

अरे बाळा,

मी इथल्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये ११ वर्षं काम केलं. आठवड्यातून दोनदा तरी हे सॅलड व्हायचं, तेव्हा मनापासून सांगते. तुझ्या दोन्ही चुका उष्णतेच्या आहेत.

आधी चिकनचं. साताऱ्याचा आहेस म्हणजे घरी आळणी होत असणार. रस्सा करण्याआधी मटण नुसतं मीठ-हळद-आलं घालून शिजवतात आणि लहान मुलांना त्यातला एक तुकडा वाटीत देतात, तीच. सॅलडचं चिकन म्हणजे ही आळणीच, फक्त मंद आचेवरची. चिकनच्या छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. कुकरच्या उष्णतेने त्याचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून निघतं. मग वर कितीही मेयो ओत, ते कोरडंच लागतं.

साधारण एक पौंड, म्हणजे ४५० ग्रॅम बोनलेस ब्रेस्ट घे. पातेल्यात गार पाण्यातच घाल, वर दोन बोटं पाणी राहू दे. एक चमचा मीठ, पाच-सहा मिरी, एक तमालपत्र, आल्याच्या दोन चकत्या. हळद नको, सॅलड पिवळं दिसतं. पाण्याला उकळी येऊ लागली की आच अगदी बारीक कर. एखाद-दुसरा बुडबुडा यावा, खदखदता कामा नये. झाकण ठेवून १२ ते १५ मिनिटं, तुकडे जाड असतील तर आणखी थोडा वेळ. मग गॅस बंद करून अर्धा तास त्याच पाण्यात राहू दे. घाईने बाहेर काढलंस तर वाफेबरोबर ओलावाही जातो. ते पाणी फेकू नकोस, त्यात भात शिजव.

आता मेयो. तेलाचे अगदी बारीक थेंब अंड्यातल्या बलकाने आंबट पाण्यात धरून ठेवलेले असतात, ते म्हणजे मेयो. अमेरिकेत बाटलीवर 'मेयोनीज' लिहायचं तर त्यात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावंच लागतं. म्हणजे निम्म्याहून अधिक तेलच. त्याला गरम चिकनचा चटका बसला की ती पकड सुटते आणि तेल वेगळं होतं. म्हणून चिकन फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्याशिवाय मेयोच्या बाटलीला हात लावायचा नाही.

गार झालं की हातानेच धाग्यांच्या दिशेने मोठेसर तुकडे सोड. सुरीने चौकोनी कापलेल्या तुकड्यांवरून मेयो घसरतं, हाताने फाडलेल्याला धरून राहतं. सेलरी या कुरकुरीत भाजीच्या दोन दांड्या बारीक चिरून, थोडी कांद्याची पात, अर्धी वाटी द्राक्षं अर्धी करून, मूठभर अक्रोड. मेयो पाव कप, एक चमचा लिंबाचा रस, भरपूर मिरपूड. मीठ अगदी शेवटी, चाखून. कोशिंबिरीत आधी मीठ घातलं की पाणी सुटतं, तसंच इथेही होतं. सेलरीचा वास सहन होत नसेल तर काकडी कोचवून, घट्ट पिळून घाल.

मोहरीशिवाय मात्र करू नकोस. इथे डिजॉन मोहरी (बाटलीतली तयार मोहरीची चटणी) मिळते, एक चमचा पुरते. पण मी घरी एक चमचा मोहरी गार पाण्याचे थेंब देत खलात फेसून घालते. तो झणका नाकात गेला की नुसत्या मेयोचा गुळमटपणा उरत नाही.

---

प्रेषक: एक सदस्य, पिस्कॅटवे

काकूंची कृती उत्तम. अन्न तपासणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडी भर घालतो, आणि हे कृपया हलकं घेऊ नका.

१२ मिनिटं की १५, यावर विसंबू नकोस. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घे आणि सगळ्यात जाड भागात टोच. १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस दिसायलाच हवेत. चिकन धुऊ नकोस. आपल्या घरी सगळेच धुतात, पण त्याने जंतू सिंकभर उडतात आणि चिकनवरचे काही जात नाहीत, ते शिजवल्यावरच मरतात.

पिकनिकला कुणी आजारी पडलं की सगळे मेयोला दोष देतात. विकतचं मेयो आंबट असतं आणि त्यातलं अंडं पाश्चराइज केलेलं असतं. बिघडतं ते बहुतेक वेळा चिकन, बाहेर तसंच राहिल्यामुळे. फ्रिजबाहेर एकूण दोन तास ही मर्यादा. बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर ऊन असेल तर एकच तास. डब्याखाली आइस पॅक हवाच. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, त्यापुढे नाही.

---

प्रेषक: एक सदस्या, पूर्वी लेस्टरला, आता प्लेन्सबरो

इंग्लंडमध्ये असताना मला हाच पदार्थ वेगळ्या रूपात भेटला: कॉरोनेशन चिकन. १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी लंडनमधल्या पाककला शिक्षिका रोझमेरी ह्यूम यांनी तो बसवला. कांदा, करी पावडर, रेड वाइन परतून आटवायची, ती मेयो, जर्दाळूचा गर आणि क्रीममध्ये मिसळायची. हल्ली दुकानात मिळतं त्यात बऱ्याचदा कच्ची करी पावडर लागते, मला ते मुळीच आवडत नाही. मसाला तेलात परतून, गार करूनच घातला पाहिजे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मी पाव चमचा गोडा मसाला परतून घालते आणि जर्दाळू बारीक चिरून. मेयो निम्मं, उरलेला चक्का. चक्का घट्ट हवा, दही पातळ असेल तर दुसऱ्या दिवशी ब्रेड भिजतो.

आणि पॉटलकला (जिथे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा त्या जेवणाला) हे आणणाऱ्यांना हात जोडून विनंती. त्यात अक्रोड असतील तर भांड्यावर चिठ्ठी लावा. माझ्या मुलाला अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे.

---

प्रेषक: नवा विद्यार्थी सदस्य, न्यू ब्रन्सविक

सर्वांना मनापासून धन्यवाद.

काल रात्री केलं. थर्मामीटर आणला. १४ मिनिटांनी १५८च दाखवत होता, म्हणून आणखी चार मिनिटं ठेवलं. नुसत्या घड्याळावर गेलो असतो तर कच्चंच खाल्लं असतं. खल नाही, म्हणून मोहरी वाटीत चमच्याने रगडली, तेवढीही पुरली.

आई व्हिडिओ कॉलवर होती. पातेल्यात बघून म्हणाली, "अरे, ही तर आळणी!" मग त्या पाण्यात तिने सांगितल्याप्रमाणे भात केला, वर तूप. फाडताना चिकनचे दोन तुकडे मी तसेच, मिठाबरोबर खाल्ले.

आज डबा लॅबमध्ये खाल्ला. ब्रेड कोरडा राहिला होता, तेल सुटलं नव्हतं. उरलेलं गुरुवारी संपवतो. काकू, येत्या शनिवारी तुमच्याकडे आलो तर मोहरी फेसायला शिकवाल का? चमच्याने पुरती बारीक होत नाही.