मदत हवी आहे: फायबर तुटून फाइव्ह-जीवर गेलो की चाकणचं व्हीपीएन पडतं (आणि हरवलेल्या फोनचं काय?)

तांबडापांढरा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आयटी बघतो. आयटी म्हणजे सर्व्हर, फायरवॉल, सीसीटीव्ही, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद आणि मालकांच्या नातवाचा टॅब, सगळं एकट्याकडे.

इथे ३८ डेस्कटॉप, एक टॅलीचा (हिशेबाचा) सर्व्हर आणि एक ईआरपीचा (माल, ऑर्डरी सांभाळणारा). चाकणला डेपो आहे, तिथे सहा माणसं. चाकणचा राउटर आमच्या स्टॅटिक आयपीवर (कधी न बदलणाऱ्या नेटच्या पत्त्यावर) आयपीसेक टनेल लावतो, म्हणजे इंटरनेटवरून दोन ऑफिसांमधला कुलूपबंद खासगी रस्ता, आपलं व्हीपीएन. तीन वर्षं विनातक्रार चाललंय.

महामार्गाचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून जेसीबीनं आमच्या फायबरशी वैर धरलंय. गेल्या महिन्यात चार वेळा तुटली, एकदा तर सव्वा दिवस बंद. म्हणून मालकांच्या मागे लागून सिम टाकायचा फाइव्ह-जी राउटर घेतला आणि फायरवॉलच्या दुसऱ्या वॅनला (बाहेरच्या नेटच्या जोडणीला) जोडला. फायबर गेली की ऑफिसचं नेट अर्ध्या मिनिटात त्याच्यावर येतं. इथवर झकास. पुढे मात्र:

१) चाकणचं टनेल लागतच नाही. गंमत म्हणजे एकदा वैतागून आमच्या फायरवॉलवर 'कनेक्ट'चं बटण हातानं दाबलं तर लागलं! पाच-दहा मिनिटांनी परत गेलं.

२) लागलं तेव्हा पिंग मस्त, पण ईआरपीचं लॉगिन पान अर्धं उघडून गोल गोल फिरत बसतं.

३) स्पीड कधी १५० एमबीपीएस, कधी ८. राउटरवर दांड्या मात्र कायम तीन.

४) मालकांना टॅली फोनवर बघायची आहे. बाहेरच्या एका माणसानं त्यांना सांगितलं, '३३८९ पोर्ट उघडा, दोन मिनिटांचं काम आहे.' ३३८९ म्हणजे दुरून सर्व्हर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचं दार. मालक मला रोज विचारतात, झालं का.

५) हे जरा वेगळं. आमचा एक विक्रीवाला मिरजेहून येताना एसटीत फोन विसरला. फोनला लॉक नव्हता, 'उघडायला वेळ लागतो' म्हणून. त्यात कंपनीचा मेल आणि गिऱ्हाइकांची कास्टिंगची ड्रॉइंगं. सिम बंद केलं, पासवर्ड बदलले, संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा क्रमांक) टाकून फोन ब्लॉक केला. पण उरलेल्या दहा जणांचं काय? फोन त्यांचे स्वतःचे आहेत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनमात्र

+१. आमच्याकडेही क्रमांक १ चाच त्रास. वाखू (वाचनखूण) साठवली.

बिनतारी

आधी एक सांगा. फाइव्ह-जी राउटरच्या पानावर वॅनचा आयपी काय दिसतो? आणि त्याच्यावरच्या लॅपटॉपवरून 'माझा आयपी काय' असं शोधलं तर काय येतं?

तांबडापांढरा

राउटरवर १००.७२ने सुरू होणारा आहे. बाहेर भलताच दिसतो.

बिनतारी

मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. १००.६४ ते १००.१२७ हा सगळा पट्टा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ साली राखून ठेवलाय. म्हणजे तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: शेकडो गिऱ्हाइकं आणि बाहेर दिसणारा पत्ता एकच. चाळीच्या पत्त्यावर पत्र आलं पण खोली नंबर नाही, तर पोस्टमन ते कुणाला देणार? आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कुणी येऊ शकत नाही. तुमच्या फायरवॉलवर कितीही पोर्ट उघडा, फरक पडणार नाही, कारण गाठ कंपनीच्या नॅटमध्ये आहे.

आता तुमच्या त्या बटणाकडे या. एरवी चाकण तुम्हाला हाक मारतं, तीही फायबरच्या पत्त्यावर, जो त्या वेळी मेलेला असतो. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा कोल्हापूरनं चाकणला हाक मारली आणि टनेल उभं राहिलं. म्हणजे चाकणला खरा पब्लिक आयपी आहे. बरोबर?

तांबडापांढरा

हो! तिथल्या केबलवाल्याकडून स्टॅटिक घेतलाय, ५० एमबीपीएस, वर-खाली सारखाच. तीन वर्षांपूर्वी कॅमेऱ्यांसाठी घेतला होता, विसरूनच गेलो होतो.

बिनतारी

सुटलात. मग व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) वगैरे भानगडीत पडायची गरज नाही. दिशा उलटी करा:

चाकण फक्त ऐकणार, हाक मारणार कोल्हापूर. आयकेई (टनेल जुळवायची बोलणी) व्हर्जन २ ठेवा. पीअरची (समोरच्या टोकाची) ओळख आयपीवर ठेवू नका, एखादं नाव द्या, कारण तुमचा बाहेरचा पत्ता आता बदलत राहणार. चाकणच्या बाजूला 'समोरचा पत्ता कोणताही' चालेल, पण मग प्री-शेअर्ड की (दोन्हीकडे टाकायचा सामायिक पासवर्ड) लांबलचक हवी, कंपनीचं नाव आणि साल नको. नॅट ट्रॅव्हर्सल (नॅटमधून वाट काढायची सोय) चालू करा, म्हणजे सुरुवातीची बोलणी सोडून सगळं यूडीपी ४५०० वरून जाईल.

पाच-दहा मिनिटांनी पडतं त्याचं कारण बहुधा असं की टनेलवर काही हलेनासं झालं की सीजीनॅट ती नोंद पुसून टाकतं. कीपअलाइव्ह (टनेल जागं ठेवणारं छोटं पाकीट) २०-२५ सेकंदांवर ठेवा आणि डेड पीअर डिटेक्शन (समोरचं टोक मेलंय का ते ओळखणं) चालू करा.

अँटेनाअण्णा

तिसऱ्या प्रश्नावर मी बोलतो. दांड्या बघणं सोडा, त्या जाहिरातीसाठी असतात. राउटरमध्ये आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) आणि एसआयएनआर (गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर) हे दोन आकडे शोधा. आणि राउटर ठेवलाय कुठे?

तांबडापांढरा

सर्व्हर रूममध्ये, रॅकवर. आरएसआरपी -१०९, एसआयएनआर २.

अँटेनाअण्णा

फाउंड्रीची पत्र्याची शेड, त्यात आत खोली, त्यात लोखंडी रॅक. राव, लहर आत येणार कुठून? फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा आपल्याकडे ३३०० मेगाहर्ट्झच्या वर आहे, तो भिंतीलाच दमतो, पत्र्यापुढे काय टिकणार. -९०च्या आसपास आरएसआरपी आणि १० च्या वर एसआयएनआर मिळेल अशी जागा शोधा. दोन्हींत एसआयएनआर जास्त महत्त्वाचा. सिग्नल दणदणीत असून गोंगाट जास्त असेल तर स्पीड असाच नाचतो.

बाहेर लावायचं युनिट घ्या आणि टॉवरच्या बाजूला गच्चीवर बसवा. खाली लॅनची केबल आणा, वीज त्याच केबलमधून द्या. अँटेनाची लांब कोॲक्स वायर खाली आणायची हौस करू नका, एवढ्या वरच्या पट्ट्यात निम्मा सिग्नल वायरच खाते. आणि सर्ज प्रोटेक्टर लावाच. वळवाच्या एका पावसात माझी दोन युनिटं गेलीत.

शून्यविश्वास

सगळे रेडिओत रमलेत म्हणून मला चौथ्या प्रश्नावर ओरडावं लागतंय. ३३८९ उघडू नका. उघडू नका. सर्व्हरवर विंडोज कोणतं आहे?

तांबडापांढरा

सर्व्हर २०१२ आर-टू. ओरडा, ऐकतो.

शून्यविश्वास

त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला संपला. मे २०१९मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं होतं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं मेलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला होता. इतकं ते गंभीर होतं. तुमच्या आवृत्तीला ते लागू नव्हतं, पण पुढचं लागू असेल तेव्हा पॅच येणार नाही. आणि भगदाड लागतंच असं नाही. ३३८९ उघडं दिसलं की पासवर्ड मारत बसणारे बॉट काही तासांत हजर होतात. टॅलीचा डेटा एनक्रिप्ट (खंडणीसाठी कुलूपबंद) झालेला सकाळी कळतो, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच सर्व्हरला लावलेली असते.

मालकांना सांगा, टॅली दिसेल, पण व्हीपीएनमधून. फोनवर व्हीपीएनचं ॲप, तेही चाकणच्या स्टॅटिक आयपीवर लावायचं. तिथून टनेलनं कोल्हापूर. म्हणजे इथे फायबर असो वा फाइव्ह-जी, त्यांना काही बदलायला नको. लॉगिनला ऑथेंटिकेटर ॲपच्या कोडचा दुसरा टप्पा ठेवा. एसएमएसचा ओटीपी नको, त्याचं कारण पुढे फोनच्या मुद्द्यात लिहितो.

आता माझे प्रश्न. फायरवॉलचे नियम दुसऱ्या वॅनलाही लावलेत का? की सगळं नुसतं पहिल्या वॅनला बांधलंय? आणि त्या फाइव्ह-जी राउटरचा स्वतःचा वायफाय चालू आहे का?

तांबडापांढरा

खरं सांगू का... पहिल्याला बांधलंय. आणि सव्वा दिवस नेट बंद होतं तेव्हा मालकांचा लॅपटॉप थेट त्या राउटरच्या वायफायवर टाकला होता. तो अजून तिथेच आहे. पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवरचाच.

शून्यविश्वास

मग आज संध्याकाळी हे आधी करा. त्या लॅपटॉपवर आयपीव्ही६चा पत्ता आलाय का बघा. सीजीनॅट झाकतं ते आयपीव्ही४ला. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक यंत्राला जगाला दिसणारा पत्ता मिळू शकतो, आणि राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल बंद असेल तर मधे कुणीच नाही. मोबाइल कंपनी अडवत असेलच असं धरून चालू नका. 'आपण सीजीनॅटमागे आहोत म्हणजे सुरक्षित' हा समज मी तीन ठिकाणी मोडीत निघालेला पाहिलाय.

राउटरचा वायफाय बंद, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद, बाहेरून ॲडमिन पान उघडणं बंद, ॲडमिनचा पासवर्ड नवा, फर्मवेअर ताजं. राउटरमधून एकच केबल निघेल आणि ती फायरवॉलमध्येच जाईल.

तांबडापांढरा

बघितलं. लॅपटॉपला आयपीव्ही६ होता आणि राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल 'ऑफ' होता. अंगावर काटा आला. सगळं बंद केलं. मालक म्हणाले, 'माझं वायफाय का गेलं?' ते वेगळं युद्ध.

आता दुसरा आणि पाचवा प्रश्न राहिला.

बिनतारी

दुसरा म्हणजे एमटीयू, एका पाकिटाची कमाल लांबी. पिंगचं पाकीट लहान, ते जातं. ईआरपीचं पान मोठ्या पाकिटांत येतं, ती टनेलच्या वेष्टनासकट मोबाइलच्या नेटमध्ये मावत नाहीत. 'तुकडे कर' असा निरोप उलटा यायला हवा, तो वाटेत कुणीतरी गिळतं. मग पान बसतं फिरत.

टनेलमधून चाकणला पिंग करा, 'तुकडे करू नको'चा पर्याय लावून. १४७२ बाइटपासून सुरू करा आणि उत्तर येईपर्यंत कमी करत या. जो सगळ्यात मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवा, तो एमटीयू. त्यातून ४० वजा केले की टीसीपीचा एमएसएस (पाकिटातल्या मजकुराची कमाल लांबी). तो फायरवॉलवर टनेलला बांधून टाका.

तांबडापांढरा

१३३२ला उत्तर आलं, १३३३ला नाही. म्हणजे एमटीयू १३६०, एमएसएस १३२०. लावला. ईआरपी धाडकन उघडलं! चाकणच्या मॅडमनी फोन करून विचारलं, 'दादा, नवीन सर्व्हर घेतला का?'

शून्यविश्वास

आता फोन. लोकांच्या खासगी फोनवर कंपनीनं कब्जा करायला गेलात तर ते बिथरतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. बायकोमुलांचे फोटो आहेत त्यात. अँड्रॉइडमध्ये ५.० पासून वर्क प्रोफाइलची सोय आहे. कंपनीची ॲपं वेगळ्या कप्प्यात, त्यांच्यावर ब्रीफकेसची खूण. माणूस सोडून गेला किंवा फोन हरवला तर तेवढा कप्पा पुसायचा. कंपनीला बाकीचं दिसतही नाही. तुमचा मेल कुठे आहे?

तांबडापांढरा

गूगल वर्कस्पेस, खालचा प्लॅन.

शून्यविश्वास

वर्क प्रोफाइलला वरचा प्लॅन किंवा वेगळं एमडीएम (फोन सांभाळायचं सॉफ्टवेअर) लागेल. पण खालच्या प्लॅनमध्येही स्क्रीन लॉक सक्तीचा करता येतो आणि हरवलेल्या फोनवरून कंपनीचं खातं दुरून पुसता येतं. ॲडमिन कन्सोलमध्ये मोबाइल व्यवस्थापन बघा. हे आधी चालू असतं तर एसटीतला फोन दहा मिनिटांचं काम होतं.

आता एसएमएसचं राहिलेलं. फोनला लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिथे येतात. म्हणून सिमलाही पिन लावा. तीनदा चुकला की पीयूके (सिम परत उघडायचा कोड) मागतं, तेव्हा तो कंपनीकडून आधीच घेऊन ठेवा. शिवाय कुणी तुमच्या नावावर नवीन सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडे. मालक आणि अकाउंटंट या दोघांना तरी ऑथेंटिकेटर किंवा पासकीवर (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं लॉगिन) आणा. अचानक नेटवर्क गेलं आणि तासभर आलं नाही, तर 'टॉवरचा प्रॉब्लेम असेल' म्हणत बसू नका, दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून एपीके (ॲपच्या फाइली) येतात, त्यांचं मुख्य काम हेच, एसएमएस वाचणं. पत्रिका कधीही 'इन्स्टॉल' करावी लागत नाही, एवढं एक वाक्य विक्रीवाल्यांच्या ग्रुपवर टाका. पैसे गेलेच तर आधी १९३०ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, मग चौकशी.

अँटेनाअण्णा

लॉग (फायरवॉल-सर्व्हरवर कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी) किती दिवसांचे ठेवता? सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशात १८० दिवस म्हटलंय, आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. लहान फाउंड्रीला कोण विचारतंय, असं वाटतं खरं, पण गिऱ्हाइकाचा ऑडिटर हमखास विचारतो.

तांबडापांढरा

सात दिवसांचे. 😐 जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून सिसलॉग चालू करतो.

अपडेट: बाहेरचं युनिट गच्चीवर गेलं. आरएसआरपी -८८, एसआयएनआर १५, डाउनलोड बहुतेक वेळ २००च्या वर. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम फायबरची केबल उपटली. ३५ सेकंदांत फाइव्ह-जीवर, आणखी वीस सेकंदांत चाकणचं टनेल. तासभर तसंच ठेवलं, पडलं नाही. केबल परत लावल्यावर मात्र टनेल फाइव्ह-जीवरच बसून राहिलं, फायबरवर यायचं नाव घेईना. हातानं तोडून जोडल्यावर आलं.

मालकांनी ३३८९चा नाद सोडलाय. व्हीपीएनमधून टॅली बघतात आणि दर तासाला येणं बाकीचा स्क्रीनशॉट विक्रीवाल्यांच्या ग्रुपवर टाकतात, म्हणजे ती गुप्तता गेलीच. दहापैकी आठ फोनना लॉक लागला. दोघं म्हणतात, नवीन फोन कंपनीनं द्यावा, मग लावतो.

बिनतारी, टनेल आपोआप फायबरवर परत आणायला काय करू? वॅन बदलला की सेशन तोडायचा काही पर्याय असतो का?

बिनतारी

असतो. फायरवॉलचं मॉडेल सांगा. आणि फायबर आल्या आल्या लगेच परत जाऊ नका, पाच मिनिटं सलग टिकली तरच जा असं लावा. जेसीबीवाला अजून तिथेच असतो.