अनुभव धागा: बाळंतपणाआधी आणि बाळंतपणानंतर

गरोदरपणात अख्खं घर आपल्या रिपोर्टांमागे धावतं. बाळ हातात आलं की फाइल माळ्यावर! एरवी पाळी, तांबी, हिमोग्लोबिन यांसाठी पुण्यात तुम्ही कुठे जाता, सोबत कोण येतं? लिहा. डॉक्टर-दवाखान्यांची नावं नकोत.

सिंहगडरोडवाली
दोन मुलांनंतर दिवस राहिले, नको होते. खाजगी दवाखान्यात काउंटरवरची बाई म्हणाली, "मिस्टरांची सही आणा." नवरा बंगळुरात. खरं तर गर्भपातासाठी १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हो, पण आमची पद्धत आहे." पद्धत! दुसरीकडे गेले. तिथे आधार बघितलं, फॉर्मवर माझी सही घेतली, नवऱ्याचा विषयही निघाला नाही. आठवडे मात्र वाढत असतात, मैत्रिणींनो. सहीसाठी कुणी अडवलं तर तिथे थांबून राहू नका.

येरवडेकर
जाऊबाईंना महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात नेते. त्या दिवशी पोटुशी बायकांना स्त्रीरोगतज्ज्ञ फुकट तपासतात. गर्दी मरणाची, बाकड्यावर टेकायला जागा नाही. पण रक्त, लघवी, बीपी सगळं झालं. हिमोग्लोबिन ८ निघालं. घरी लोहाच्या लाल गोळ्या पाकिटातच पडून होत्या. का, तर शी काळी होते म्हणून घाबरल्या! सिस्टरांनी हसत सांगितलं, होणारच काळी. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

हडपसर_आयटी
ओपीडी सकाळची, माझी शिफ्टही सकाळची. म्हणून खाजगीत जाते. बास, एवढंच.

नवी आई
सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये मिळाले, दोन हप्त्यांत. आशाताईंनी फॉर्म भरून घेतला. खातं मात्र स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. माझं माहेरच्या नावावर होतं, त्यात फार हेलपाटे झाले.

कात्रजची
दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन कुणी घेतंय का? सरकारीत फुकट मिळतं. माझी पाळी पार विस्कटली आणि सासूबाईंना वाटतंय पुन्हा दिवस गेले.

सिंहगडरोडवाली
@कात्रजची, त्यात पाळी पुढेमागे होते, बंदही होते. तरी जिथे घेतलंत तिथे दाखवून या. आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या.